बहिणीसाठी चौकशी

९ फेब्रुवारी

चिंगी,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. मोठ्या बहिणीच्या हाताला ते लिहायची सवय असते. लिहून झाल्यावर वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. नवा कागद घेणार होते, पण मग हे पत्र राहूनच गेलं असतं.

फोन तू उचलत नाहीस, तेच बरोबर आहे. या दोन वर्षांत मी जेवढ्या वेळा फोन केला, त्यातल्या निम्म्या वेळी आपण काय बोललो हे मला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. पत्राचं बरं, टाकायच्या आधी वाचून बघता येतं.

तर सांगायचं म्हणजे, मी एका गटात जायला लागले आहे. दारूतून बाहेर पडण्यासाठी मदत करतात, तसला गट. दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. सात आठवडे झाले, एकही गुरुवार चुकवलेला नाही.

सापडला कसा, ते ऐक. आमच्या लॅबमधून एका दातांच्या डॉक्टरांकडे कवळी पोचवायला गेले होते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत फळ्यावर एक कागद लावला होता आणि खाली फोन नंबरच्या पट्ट्या कातरून ठेवल्या होत्या. दोन आधीच कुणीतरी फाडून नेलेल्या. मी तिसरी फाडली. मग वाटलं, टेबलामागच्या मुलीने बघितलं. म्हणून शेजारी शिवणक्लासचा कागद होता, त्याचीही एक पट्टी फाडली आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "ब्लाउज शिकावा म्हणते." मला साधी हातशिलाई येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे.

फोन तीनदा लावून तीनदा ठेवला. चौथ्यांदा एका बाईंनी उचलला. निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी वार, वेळ, जिना कुठल्या बाजूला, सगळं नीट सांगितलं.

खोलीत बारा खुर्च्या, एक लांब टेबल, कोपऱ्यात मोडकं कपाट. पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की उकडतं, त्यावरून दर वेळी पाच मिनिटं जातात. तिथे एक बेकरी चालवणारी बाई येते. पहिल्या दिवशी मी बोलले तेव्हा तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, किती सोसलंत हो तुम्ही. दर गुरुवारी ती तुटक्या बिस्किटांची पुडी आणते, आणि परत जाताना आम्ही एकाच बसने जातो.

दारू बंद आहे. एक्केचाळीस दिवस झाले.

तुझी बिट्टी कशी आहे? चौथीत गेली असेल. तिच्या हनुवटीवरचा व्रण आता पुसट झाला असेल ना? लहान मुलांचं लवकर भरून येतं म्हणतात.

दोन ओळी लिही. नाही लिहिल्यास तरी हरकत नाही.

तुझी ताई


१ मार्च

चिंगी,

तुझं उत्तर आलं नाही. बरंच झालं. कारण मागचं पत्र तू खरं मानून उत्तर लिहिलं असतंस, तर मला तुझ्यासमोर उभं राहायला जागा उरली नसती.

एक्केचाळीस दिवस खोटे आहेत. एक्केचाळीस तास म्हटलं असतं तरी खोटंच झालं असतं. पत्र पेटीत टाकून मी जी घरी आले ती थेट कपाटापाशी गेले.

दारूचं सोड, ते तुला नवीन नाही. खोटं दुसरंच आहे. ते कसं लिहावं या विचारात तीन आठवडे गेले. आता जसं घडलं तसं लिहिते.

त्या चौथ्या फोनला बाईंनी नाव विचारलं नाही. फक्त विचारलं, "कुणासाठी चौकशी करताय? स्वतःसाठी, की घरच्या कुणासाठी?"

आणि मी म्हटलं, "बहिणीसाठी."

आधी काही ठरवलेलं नव्हतं गं. ठेच लागली की हात आपोआप पुढे जातो ना, तसा तो शब्द तोंडातून गेला. बाई फार मायेने म्हणाल्या, तुम्ही फोन केलात हेच पुष्कळ आहे, पिणाऱ्याच्या माणसांनाही आधार लागतो. वाचनालयाच्या वर दोन खोल्या आहेत. डावीकडे पिणारे बसतात, उजवीकडे त्यांच्या घरचे. तुम्ही उजवीकडे या.

मी उजवीकडे गेले. अजून उजवीकडेच जाते.

आता कळलं असेल, बेकरीवाली मला 'किती सोसलंत' का म्हणाली. तिथे मी एका दारुड्या बाईची बहीण आहे. धाकटी बहीण पिते, तिच्यापायी मी पोळून निघाले आहे, असं मी त्यांना सांगितलंय. धाकटी. म्हणजे तू. माझं सगळं केलेलं मी तुझ्या अंगावर घातलं आणि तुझं सगळं सोसणं मी माझ्या नावावर घेतलं. इस्त्रीच्या खोक्यात लपवलेली बाटली तुझी. ती सापडल्यावर जमिनीवर बसून राहिलेली मी. लॅबमधून दोनदा ताकीद मिळाली ती तुला, आणि मालकांच्या हातापाया पडायला गेलेली मी. खरं तर तू गेली होतीस माझ्या मालकांकडे, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. मला ते त्यांनी नंतर सांगितलं. मी तुला त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलले नाही.

सुरुवातीला बरं वाटायचं, हेही सांगते. लोक मान हलवायचे, कुणी पाण्याचा ग्लास पुढे करायचं. बिचारी, म्हणायचे. मला आयुष्यात इतकं कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. आठवडाभर मी त्या एका तासाची वाट बघायचे. तिथून निघाले की बसमध्ये बेकरीवालीशी गप्पा, आणि घरी पोचले की ग्लास.

वास येत नाही का, असं तुला वाटेल. आमच्या कामात गुलाबी भुकटीत एक पातळ औषध कालवून हिरड्या बनवतात. त्याचा वास इतका उग्र की दिवसभर केसांत बसतो. त्याच्या आड मी वर्षानुवर्षं काय काय लपवलंय. बेकरीवाली तर एकदा म्हणाली, तुमच्या बहिणीला निदान तुमच्यासारखं कामात मन रमवता आलं असतं तर. काम कसलं, आता मला फक्त पॉलिशला बसवतात. दात बसवायचं काम काढून घेतलंय. एका आजोबांचे समोरचे दोन दात मी मधल्या रेषेपासून सरकवून लावले होते. ते हसले की चेहराच वाकडा दिसायचा. मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची पॉलिशच्या मशीनपाशी नेऊन ठेवलेली होती, एवढंच.

मग काल एक झालं. बाई म्हणाल्या, आज प्रत्येकीने असा एक दिवस सांगा, ज्या दिवशी तुमचं मन तुटलं. माझी पाळी आली. माझ्याकडे जिन्याचाच दिवस होता. तुझ्या बाजूने सांगायचा, म्हणून मी सुरू केलं. म्हटलं, मी ऑफिसातून सुटले. हातात भाजीची पिशवी होती. मुलीला बहिणीकडे ठेवलेलं होतं, तिला घ्यायला गेले. जिना चढताना वरच्या पायरीवर मला तिचे बूट दिसले.

तिथे माझा आवाज गेला. कारण चिंगी, मी तो दिवस तोवर दाराच्या आतूनच बघितला होता. आतून म्हणजे काय, मी निजलेली होते, मला काहीच दिसलं नव्हतं. तू बेल वाजवून, दार बडवून मला उठवलंस, काहीबाही बोललीस आणि गेलीस, एवढंच माझ्यापाशी होतं. बिट्टी दोन तास दप्तर मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसली होती, हे तू मला ओरडून सांगितलंस तेव्हा कानावरून गेलं होतं. काल पहिल्यांदा मी तुझ्या पायांनी तो जिना चढले. बूट दिसले. मग पाय दिसले. मग ती दिसली, आणि ती रडत नव्हती.

माझं रडू थांबेना. बेकरीवाली उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, ही सोसलेलं आठवून रडतेय.

तू त्या दिवशी जाताना म्हणाली होतीस, "आजपासून मला एकच मूल आहे. दुसरं सांभाळायची ताकद नाही माझ्यात." ते वाक्यसुद्धा मी तिथे माझं म्हणून सांगितलंय.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. मी आधी काहीतरी करते, मग लिहिते.

ताई


२३ मार्च

चिंगी,

परवा गुरुवारी सांगितलं.

त्याआधीच्या दोन गुरुवारी सांगायचं ठरवून गेले आणि बिस्किटं खाऊन परत आले. तिसऱ्या वेळी मात्र खुर्चीवर बसलेच नाही. बसले की गप्पा सुरू होतात आणि मग जमत नाही. दारापाशी उभी राहिले आणि म्हटलं, मला एक सांगायचंय, आणि सांगून झाल्यावर मी निघून जाईन.

बाई म्हणाल्या, बसून सांगा. मी म्हटलं, उभीच बरी आहे.

फार लांब बोलले नाही. म्हटलं, माझी बहीण पीत नाही. तिने आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही. पिते ती मी. जे मी तुम्हाला सांगितलं ते सगळं घडलेलं आहे, फक्त तिने केलेलं नाही, मी केलेलं आहे.

पंखा चालू होता. कागद उडत होते, ते कुणी धरले नाहीत. मला वाटलं होतं, कुणीतरी रडेल, कुणीतरी म्हणेल, धीर केलात हो. मी मनात असंच रंगवून ठेवलं होतं, आता लपवून काय करू. मला त्यातही कौतुक हवं होतं.

बेकरीवाली उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने दोन आठवड्यांपूर्वी तिथे एक गोष्ट सांगितली होती, नवऱ्याबद्दल. ती गोष्ट मी तुला लिहिणार नाही, ती तिची आहे. कुणापुढेही बोलू नये अशी. तिने ती बोलायच्या आधी माझ्याकडे बघितलं होतं, मी मान हलवली होती, म्हणून ती बोलली होती.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आमच्या घरात आम्हाला एक कोपरा उरत नाही जिथे तुमच्यासारखी माणसं नसतात. ही एक खोली होती."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "नको. रोज ऐकते मी ते." आणि पर्स उचलून गेली. तिची पुडी टेबलावर तशीच राहिली.

मी त्यांच्या घरात चोरी केली असती तरी इतकं वाटलं नसतं. बाई माझ्यामागोमाग पॅसेजमध्ये आल्या. मला वाटलं, समजूत घालतील. त्या म्हणाल्या, मला तुमचा राग आलाय, आणि तो काही दिवस राहील. या खोलीत आता यायचं नाही. मग त्यांनी समोरच्या दाराकडे हात केला आणि म्हणाल्या, ती खोली अजून अर्धा तास उघडी आहे.

मी जिन्याकडे वळले होते. खरं सांगते. घरी कपाटात काय आहे ते मला दिसत होतं. पण बाई तिथेच उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. शाळेत मुलं वर्गात शिरेपर्यंत उभ्या राहत असतील तशा. त्यांच्या डोळ्यांदेखत खाली उतरायची मला हिंमत झाली नाही. धैर्याने गेले असं मुळीच समजू नकोस. लाजेने गेले.

डावीकडच्या खोलीत नऊ पुरुष आणि एक म्हातारी बाई. एक प्लंबर आहे, तो या गटाचं सगळं बघतो. अकरा वर्षं झाली त्याला दारू सोडून. अंगापिंडाने दांडगा, बोटांची नखं तुटलेली. त्याने मला बघून ओळखलं. दर गुरुवारी समोर जाताना बघत होता म्हणे. काही विचारलं नाही. खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "तिकडे बिस्किटं मिळतात. इकडे नुसता चहा, तोही पांचट. चालेल ना?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं.

माझी पाळी आली तेव्हा 'मी पिते' एवढंच म्हटलं आणि बसले. दोन शब्द. तेरा आठवडे मी समोरच्या खोलीत तासतास बोलत होते. त्या म्हाताऱ्या बाईने मान डोलावली आणि पुढच्या माणसाने बोलायला सुरुवात केली. कुणी मला बिचारी म्हटलं नाही.

ताई


११ एप्रिल

चिंगी,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ: 'घरी पत्रं पाठवू नकोस, लिफाफ्यावरचं अक्षर बिट्टी ओळखते.' पुन्हा पुन्हा वाचली. तुझं अक्षर अजून तसंच डावीकडे कललेलं.

म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. हे शेवटचं असू शकेल. वाचून झाल्यावर तू मला कायमची तोडलीस तर मी काही म्हणणार नाही. एकटी असताना वाच.

आधी हिशेब नीट सांगते, म्हणजे माझं पुढचं तुला खरं वाटेल. सव्वीस मार्चला मी प्यायले. एकदाच, पण प्यायले. दुसऱ्या दिवशी प्लंबरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मग आजपासून मोजा. आज सोळावा दिवस आहे. सोळाच.

आता बिट्टीच्या हनुवटीचं.

ती खुर्चीवर चढून डबा काढताना पडली, असं मी तुला सांगितलं. तिनेही तेच सांगितलं. ते खरं नाही.

तो शनिवार होता. लॅब अर्धा दिवस. ती शाळेतून आली, मी तिला जेवायला वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन प्यायला बसले. दुपारी तीनच्या सुमाराला ती आली. तिला चित्रकलेची वही सापडत नव्हती. मी पलंगावर आडवी होते. तिने हाक मारली, मी उठले नाही. तिने खांदा हलवला. पुन्हा हलवला. मी हात झटकून तिला ढकललं. जोरात. ती मागे भेलकांडली, तोल सावरायला वळली आणि टेबलाची कड तिच्या हनुवटीला लागली.

आवाज झाला तेव्हा मी उठले. रक्त बघून माझी खाडकन उतरली. टॉवेल दाबला, रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले, तू आलीस ते त्यानंतर. पण दवाखान्यात जायच्या आधी, तिच्या हनुवटीवर टॉवेल धरलेला असताना, मी तिला म्हटलं, "आईला सांगायचं, खुर्चीवरून पडले. नाहीतर आई तुला इथे कधीच पाठवणार नाही."

सात वर्षांची होती ती. तिने मान हलवली. टॉवेलमुळे तिला बोलता येत नव्हतं.

पुढचं तुला ठाऊक आहे, कारण ते तू केलंस. तू घाबरलेली होतीस. तिला दवाखान्याच्या बाकावर बसवून तू रागावलीस, शंभरदा सांगितलं खुर्चीवर चढायचं नाही म्हणून. ती माझ्याकडे बघत होती. मी काय केलं? मी म्हटलं, जाऊ दे गं चिंगी, पोर आहे. आणि तू मलाच थँक्यू म्हणालीस, वेळेवर दवाखान्यात आणल्याबद्दल.

दोन वर्षं मी हे गिळून बसले आहे. पिऊन विसरले असं म्हणता आलं असतं, पण हे मी एक दिवसही विसरलेले नाही. बाकी किती दिवस धुऊन गेले. नेमका हा गेला नाही.

हे लिहू की नको, असं मी प्लंबरला विचारलं. म्हटलं, बहिणीला एक सांगायचंय, ते ऐकून ती मोडून जाईल. तो पाना पुसत होता. त्याने तो पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "तुम्हाला हलकं व्हायचंय म्हणून सांगताय, तर नका सांगू. ते ओझं तुमचं आहे, तुम्हीच वाहा. पण आणखी कुणी ते वाहत असेल, तर सांगायला हवं."

घरी येईपर्यंत मी त्यावर विचार करत होते. वाहतेय ना, बिट्टी वाहतेय. तिच्या लेखी ती आईशी खोटं बोललेली मुलगी आहे, आणि वर तिला रागावणंही खावं लागलंय. ते तिच्या डोक्यावरून उतरवणं तुझ्याच हातात आहे, आणि तुला माहीत असल्याशिवाय तू ते कसं उतरवणार.

मेहुण्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. त्यांनी येऊन मला चार थोबाडीत दिल्या तरी मी दार उघडीन.

ताई


४ मे

चिंगी,

तू फोन केलास तेव्हा मी पॉलिशच्या मशीनवर होते. नंबर बघून हातातली कवळी सुटली. फुटली नाही. तू म्हणालीस, "रविवारी अकरा वाजता ये. वीस मिनिटं. तिला तू स्वतः सांगायचं. मी तिथे असेन." आणि ठेवलास. मालकांना वाटलं, कुणी गेलं की काय.

गेल्या रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण तू जवळजवळ पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून उभी होतीस, आणि काही गोष्टी तुला दिसल्या नसतील.

बिट्टी सोफ्याच्या टोकावर बसली होती, पाय खाली टेकवून. दोन वर्षांपूर्वी टेकत नव्हते. तिने केस कापलेत. व्रण पुसट झालेला नाही, चिंगी. पहिल्या पत्रात मी तो पुसट झाला असेल म्हणून लिहिलं होतं, ते माझ्या सोयीसाठी. बोटाच्या पेराएवढा आहे, आणि ती बोलताना तिथेच हात नेते.

मी खुर्चीवर बसले नाही, जमिनीवर बसले, म्हणजे तिला मान वर करावी लागणार नाही. येताना बसमध्ये वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी गेली. मी म्हटलं, बिट्टी, तुझ्या हनुवटीला लागलं ते माझ्यामुळे. तू पडली नव्हतीस. मी दारू प्यायले होते आणि मी तुला ढकललं. आणि मग मी तुला आईशी खोटं बोलायला लावलं. चूक तुझी नव्हती, सगळी माझी होती.

तिचा हात हनुवटीवर गेला. मग म्हणाली, "मला माहितीये. मी तिथेच होते."

इतकं साधं. मी तिला काहीतरी नवीन सांगायला आले आहे असं समजून आले होते.

मी म्हटलं, हो. तू होतीस. पण आईला माहीत नव्हतं, आता आईला माहीत आहे. मी आईला सगळं लिहून कळवलंय.

तेव्हा तिने पहिल्यांदा तुझ्याकडे बघितलं. तुझ्या पाठीकडे. तुझे खांदे हलत होते ते तिला दिसलं. तिने हनुवटीवरचा हात काढला. आणि माझ्याशी नाही, तुझ्या पाठीशी बोलली: "आई, मग मी खोटारडी नाही ना?"

तू वळलीस तेव्हा तुझा चेहरा मी बघितला नाही. मला बघायचा हक्क नव्हता, मी सतरंजीकडे बघत होते. तुझे पाय माझ्या बाजूने गेलेले दिसले, मग सोफा दबल्याचा आवाज आला. ती रडायला लागली. मोठ्याने, लहान बाळासारखी. जिन्यावर न रडलेली, दवाखान्यात न रडलेली, सगळी एकदम रडली असावी. तू तिला काहीतरी सांगत होतीस, तिच्या केसांत तोंड घालून.

भिंतीवरच्या घड्याळात बाराच मिनिटं झाली होती. तू वीस दिली होतीस. मला राहायचं होतं, चिंगी. कबूल करते, मला फार राहायचं होतं. वाटत होतं, तुम्हा दोघींपैकी कुणीतरी एकदा माझ्याकडे बघावं. पण त्या खोलीत आता माझं काही काम उरलेलं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि पूर्वी कधी मला असलं काही वेळेवर कळलेलं नाही. मी उठले, चपला हातात घेतल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बाहेर येऊन पायांत घातल्या.

खाली मेहुणे उभे होते, गाडी पुसत. स्वच्छ गाडी पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "बस स्टॉप डावीकडे आहे." मला माहीत होतं. तरी हो म्हटलं.

घरी जायची भीती वाटली म्हणून त्या म्हाताऱ्या बाईकडे गेले, आमच्या खोलीतल्या. तिच्याकडे मटार सोलायचे पडले होते, ते पुढ्यात टाकले. संध्याकाळपर्यंत सोलत बसलो.

मी पुन्हा कधी यावं, यावं की नाही, ते मी विचारत नाही. एकच विचारायचं होतं, तू तिच्या केसांत तोंड घालून तिला काय म्हणालीस ते. आठवडाभर तेच मनात घोळतंय.

नको, लिहू नकोस. ते तुम्हा दोघींचं आहे.

ताई